झेंड्यापुढे हात उचलावा की नाही?

मंडळाच्या स्मरणिकेत काहीतरी लिहाच, असा अध्यक्षबाईंचा आग्रह पडला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा विद्वत्ता नाही. 2023 सालच्या 15 ऑगस्टला माझ्या हातून एक चूक झाली, तिच्यापायी जे कळले तेवढे सांगते.

आमचे मामंजी मराठा पलटणीतले निवृत्त हवालदार. 1971 च्या लढाईत होते. त्या सकाळी मंडळाच्या अंगणात झेंडा वर गेला, तशी मुलांनी, पाहुण्यांनी कपाळाशी हात नेला. मामंजी मात्र धोतर, कोट, कोटावर पदके, डोके उघडे, हात मांड्यांना लावून ताठ उभे. मागून कोणी पुटपुटले, "फौजी असून सलाम नाही!" मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. मी हळूच म्हटले, "मामंजी, हात वर करा की." ते हलले नाहीत. घरी आल्यावर एवढेच बोलले, "सूनबाई, वर्दी सरकारला परत दिली. वर्दीबिगर, उघड्या डोक्यानं सलाम नसतो." त्या दिवशी ते जेवले नाहीत.

मग मी थोरल्याकडून ध्वजसंहिता मागवून वाचून काढली. ही संहिता 26 जानेवारी 2002 पासून लागू झाली. तीत स्वच्छ लिहिले आहे की, झेंडा चढताना वा उतरताना सर्वांनी त्याच्याकडे तोंड करून सावधान उभे राहावे. गणवेशात असतील त्यांनी रीतसर सलामी द्यावी. म्हणजे चुकले ते मामंजी नव्हेत, मी.

अमेरिकेत निराळेच. तेथे पूर्वी शाळेतली मुले झेंड्यापुढे हात लांब पसरून प्रतिज्ञा म्हणत. पण हिटलरची माणसेही तसाच हात पसरू लागली, तेव्हा 1942 च्या डिसेंबरात तेथील काँग्रेसने ती रीत बदलून छातीवर हात ठेवण्याची केली. निवृत्त सैनिकांना साध्या कपड्यांत झेंड्याला लष्करी सलामी देण्याची मुभा 2008 साली कायद्याने मिळाली. त्याच वर्षी पुढे ती राष्ट्रगीतालाही लागू झाली. हे मी मामंजींना वाचून दाखवले. म्हणाले, "त्यांचा कायदा त्यांना. आमाला उस्तादानं शिकवलं ते आमचं." मला विचाराल तर दोन्हींत मान आहेच, पण ज्याचा हात वर नाही त्याच्या मनात मान नाही, असे समजणे वाईट.

भगिनींनो, वाचता वाचता आणखी एक सापडले. 14 ऑगस्ट 1947 च्या मध्यरात्री घटना समितीला राष्ट्रध्वज अर्पण केला तो हंसाबेन मेहता यांनी, भारतातील स्त्रियांच्या वतीने! तेव्हा झेंड्याची रीतभात पुरुषांनी सांगावी आणि आपण नुसती रांगोळी काढावी, हे मला पटत नाही.

2022 पासून झेंडा रात्रीही फडकत ठेवण्यास परवानगी आहे. आपल्या मंडळात मात्र सूर्यास्तापूर्वीच उतरवतात. गेल्या 26 जानेवारीला ते काम माझ्याकडे आले. घरी स्वयंपाक राहिला होता, म्हणून मी दोरी भराभर सोडू लागले. मामंजी खांबाशी तसेच ताठ उभे होते.

"सावकाश, सूनबाई," ते म्हणाले. "चढताना झपाट्यानं, उतरताना सावकाश."

मी दोरी पुन्हा घट्ट धरली.