गोंगाट आणि शांति

मुलांचा गोंगाट वडीलधाऱ्यांनीं मोडून काढावा कीं सोसावा, या जुन्या प्रश्नास फिनलंडच्या बालवाङ्मयानें मोठें गमतीचें उत्तर दिलें आहे. १९९७ सालीं सिनिक्का व तीना नोपोला या भगिनींनीं 'रिस्तो रॅप्पॅया' हें पुस्तक लिहिलें. नायकाच्या आडनांवाचा अर्थच 'रॅपवाला', म्हणजे ठेक्यावर झरझर बोल म्हणणारा, असा आहे. हातीं येईल त्या वस्तूवर हा मुलगा ठेका धरतो. त्याला सांभाळणाऱ्या आत्याबाईचें नांव मात्र राउहा. फिनिश भाषेंत राउहा म्हणजे शांति! सगळ्या विनोदाचें मर्म या एका नांवांत आहे.

या पुस्तकांवरून २००८ सालीं मारी रांतासिला यांनीं संगीत-विनोदी चित्रपट केला. त्या स्वतः नटी व गायिका. छापील पानावर जो ठेका वाचकानें मनांतच ऐकावयाचा, तो आतां कानीं पडूं लागला. २०१० पासून त्याचे पुढील भागही निघाले.

सिनिक्काबाई २०२१ सालीं निवर्तल्या. त्यांचें ऋण आम्ही मानतों तें एवढ्यासाठीं कीं, आत्याबाई व भाचा यांना या भगिनींनीं एकाच छपराखालीं नांदविलें. पोरास मुकें करून मिळविलेली शांति घराला शोभत नाहीं, हें त्यांनीं उपदेशाच्या वाटेस न जातां, मुलांना हंसवीत हंसवीत, वडिलांना शिकविलें.