देव्हाऱ्याचं वय

आमच्या घरचा सागवानी देव्हारा 'जिजाऊंच्या काळचा' आहे, असं मी लहानपणापासून ऐकत आलो. जिजाऊंचा जन्म १५९८चा, आमच्याच जिल्ह्यातल्या सिंदखेडराजाचा. म्हणजे देव्हारा चारशे वर्षांचा! मागच्या दिवाळीत पुतण्यानं एका व्यापाऱ्याला त्याचे फोटो पाठवले आणि मला म्हणाला, "काका, तुम्ही शाळेत इतिहास शिकवलाय. वयाचा एक कागद लिहून द्या, किंमत दुप्पट येईल."

लिहायचं तर आधी पाहिलं पाहिजे. समोरची नक्षी सगळेच पाहतात. वय कळतं ते पाठीमागून. दोघांनी मिळून देव्हारा भिंतीपासून ओढला. पाठीच्या फळ्यांवर करवतीच्या सरळ, कमीजास्त अंतराच्या रेघा होत्या. म्हणजे हातकरवत, यंत्राच्या गोल करवतीच्या रेघा कमानीसारख्या येतात. सांध्यांत लाकडी खुंट्या. इथवर पुतण्या खूश! मग दाराच्या बिजागरीचा एक स्क्रू काढला, तो टोकदार निघाला. टोकदार स्क्रू यंत्रावर निघू लागले ते एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला. त्याआधीचे बोथट असत.

"नंतर बदलला असेल."

शंका रास्त होती. पण मग जुन्या बिजागरीचा ठसा किंवा खिळ्याचं भोक तरी राहिलं असतं. तसं काहीच नव्हतं.

आमचं घराणं कापसाच्या व्यापारातलं. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी चालली, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना आणि आमच्या वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. खामगावची पेठ एवढी वाढली की १८७० मध्ये तिथल्या रेल्वेफाट्याच्या उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आले. देव्हारा त्याच पैशातला असावा, असं मला वाटतं. तेही वय काही थोडं नव्हे. १९७२च्या कायद्यानं शंभर वर्षांवरची अशी वस्तू पुरावस्तू ठरते. तिच्या व्यापाराला परवाना लागतो आणि खाजगी माणसाला ती परदेशी पाठवता येत नाही.

खरं नुकसान केलं ते मीच. तीसेक वर्षांपूर्वी हौसेनं देव्हारा कॉस्टिक सोड्यानं धुऊन घेतला, वर चकचकीत वॉर्निश मारलं. पिढ्यान्‌पिढ्यांच्या हातांनी आणि धुरानं चढलेला रंग गेला, मोराच्या पिसाऱ्यातल्या बारीक रेघा बुजल्या. त्या आता परत येत नाहीत. हल्ली मऊ कुंचल्यानं धूळ झाडतो, बस्स. ओलं फडकं नाही, तेलाचा हात नाही (तेलावर धूळ चिकटते), उन्हाची तिरीप नाही. पावसाळ्यात भिंतीपासून चार बोटं दूर ठेवतो आणि खाली लाकडाचा ताजा भुगा पडलाय का, ते रोज पाहतो. सागाच्या गाभ्याला कीड सहसा लागत नाही, कडेच्या पांढरट लाकडाला मात्र लागते.

कागद मी लिहून दिला: 'अंदाजे १८७०च्या सुमाराचा. हातकाम. नक्षी सोड्यानं झिजलेली.' खाली सही.

पुतण्यानं तो दोनदा वाचला, घडी घातली आणि देव्हाऱ्याच्याच खणात ठेवला. व्यापाऱ्याला अजून पाठवलेला नाही.