माणकजी करसेटजी आणि मुंबईच्या फ्रीमेसन लॉजांतील प्रवेशाचा वाद

फ्रीमेसनांच्या सभागृहास हिंदुस्थानांत पूर्वीं लोक ‘जादूघर’ म्हणत. दार मिटून चाललेल्या कार्याविषयीं बाहेरच्यांस जें वाटावयाचें तें या नांवांत उतरलें आहे. आम्हां तिवसें-अमरावतीकडील मंडळीस असें मिटलेलें दार अपरिचित नाहीं. आमच्याच जिल्ह्यांतील ऋद्धिपूर ज्यांचें तीर्थस्थान, त्या महानुभावांनीं आपले ग्रंथ सकळ लिपींत शतकानुशतकें झांकून ठेविले होते. ती लिपी उलगडली तेव्हां मराठी वाङ्मयाचें एक दालनच उघडलें. याच दृष्टीनें मुंबईच्या लॉजांतील एका जुन्या वादाकडे जिज्ञासूंचें लक्ष वेधावयाचें आहे.

प्रथम व्यवस्था ध्यानांत घ्यावी. एकेक लॉज ग्रँड लॉजच्या सनदेनें चाले. इंग्लंड, आयर्लंड व स्कॉटलंड येथील ग्रँड लॉजें निरनिराळीं असून, तिन्हींच्या सनदा हिंदुस्थानांत चालत. स्वतः इंग्लंडांतच दोन प्रतिस्पर्धी ग्रँड लॉजें असून त्यांचें ऐक्य इ. स. १८१३ च्या डिसेंबरांत झालें. अँडरसनच्या १७२३ च्या नियमग्रंथांत सर्व मनुष्यांस संमत अशा धर्माचीच अट होती. अर्थात् कागदोपत्रीं पारशी, मुसलमान वा हिंदु यांस मज्जाव नव्हता.

असें असतांही मुंबईचे माणकजी करसेटजी (१८०८–१८८७) यांनीं लॉज पर्सीव्हरन्सकडे अर्ज केला, तो नामंजूर झाला. पुढें युरोपच्या प्रवासांत त्यांनीं पॅरिस येथील एका फ्रेंच लॉजांत दीक्षा घेतली व परत येऊन पर्सीव्हरन्सकडे पुन्हां अर्ज केला. आतां ते दीक्षित बंधु होते. तरीही उत्तर पहिलेंच मिळालें. लॉजांतील गुप्त मतदानावर वरिष्ठानेंही हुकूम चालवूं नये, हा या मंडळींचा जुना दंडक असल्यामुळें तेथें दाद मागण्यास जागा नव्हती.

वाट निघाली ती दुसऱ्या बाजूनें. स्कॉटलंडच्या ग्रँड लॉजचा पश्चिम हिंदुस्थानांतील प्रमुख डॉ. जेम्स बर्न्स हा होता. काबुलांत १८४१ सालीं मारला गेलेला अलेक्झांडर बर्न्स त्याचा भाऊ. सिंधच्या अमीरांच्या दरबारचा वृत्तांत लिहिणारा तोच हा डॉक्टर. त्यानें नव्या लॉजास अनुमति दिली, आणि डिसेंबर १८४३ मध्यें ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ हें लॉज सुरू झालें. त्यांत पारशी व मुसलमान यांस प्रवेश मिळाला. अवेस्तेचे पंडित खरशेदजी रुस्तमजी कामा पुढें याच लॉजचे सभासद झाले.

हिंदूंची वाट अधिक बिकट होती. अनेक देवता मानणारा मनुष्य एका विश्वनिर्मात्याची शपथ कशी घेणार, हा आक्षेप पुढें करण्यांत आला. कलकत्त्याचे प्रसन्नकुमार दत्त यांनीं १८६३ सालीं अर्ज केला. त्यांस प्रवेश मिळाला तो १८७२ सालीं. तेथें बंगालच्या वरिष्ठ लॉजचा एक स्थानिक पोटनियमच आड आला होता. मुंबईंत मतानें अडविलें, कलकत्त्यांत नियमानें. हा भेद संशोधकानें विसरूं नये. कारण नियम दप्तरांत सांपडतो, गुप्त मताचें कारण मात्र कोठेंच नमूद होत नाहीं.

लॉजांनीं माणसें नाकारलीं, तशीं ग्रँड लॉजांनीं एकमेकांसही नाकारलें. फ्रान्सच्या ग्रँड ओरिएंटनें १८७७ सालीं ईश्वरश्रद्धेची अट काढून टाकली, तेव्हां इंग्लंडनें तिच्याशीं संबंध तोडला. ज्या पॅरिसनें माणकजींस दार उघडलें तेथील दीक्षा याच्याही पुढील काळांत मुंबईस कितपत मान्य झाली असती, याचा विचार वाचकांनींच करावा. हिंदुस्थानांत स्वतंत्र ग्रँड लॉज १९६१ च्या नोव्हेंबरांत स्थापन झालें. तेव्हांही कित्येक लॉजें आपल्या जुन्याच सनदेखालीं राहिलीं.

तात्पर्य, एकाच दारावर तीन द्वारपाळ असल्यामुळें एकानें अडविलेला मनुष्य दुसऱ्याकडून आंत गेला. हें ज्या कागदांवरून कळावयाचें, ते अर्ज, सनदा, सभांचीं टिपणें व सभासदांच्या याद्या आजही जुन्या घरांच्या पेट्यांत असण्याचा संभव आहे. चिन्हांकित व अनाकलनीय म्हणून ते कोणीं रद्दींत घालूं नयेत. सकळ लिपीच्या पोथ्याही एके काळीं अशाच अनाकलनीय होत्या.