मुठा नदीचे पूरनियंत्रण

मुठा नदीचे पूरनियंत्रण : पुणे शहराच्या मधून वाहणाऱ्या मुठा नदीच्या पुराचे पाणी धरणांत अडवणे, ते ठरावीक प्रमाणात सोडणे आणि काठावरच्या बांधकामांना मर्यादा घालणे, यांसाठीची व्यवस्था. धरणे व त्यांचे दरवाजे जलसंपदा विभागाकडे, तर शहरातला काठ पुणे महानगरपालिकेकडे आहे.

शहराच्या वरच्या अंगाला टेमघर (मुठा), वरसगाव (मोसे), पानशेत (आंबी) आणि या तिन्हींच्या खाली खडकवासला अशी चार धरणे आहेत. त्यांचा एकत्रित साठा सुमारे २९ टीएमसी, म्हणजे २९ अब्ज घनफूट. मात्र १८७९ मध्ये पूर्ण झालेले खडकवासला हे शेवटचे धरण सर्वांत लहान, जेमतेम २ टीएमसीचे आहे. ३५,००० क्युसेकचा (सेकंदाला ३५,००० घनफुटांचा) येवा सुरू झाला तर रिकामे खडकवासलाही सोळा तासांच्या आत भरते. वरची धरणे भरली की आलेले पाणी जवळपास तसेच पुढे सोडण्यावाचून गत्यंतर नसते. जुलैअखेर वरच्या धरणांत मोकळी जागा ठेवली तर पूर पोटात घेता येतो. पण पुण्याचे पिण्याचे पाणी आणि दौंड, इंदापूरपर्यंतची शेती याच साठ्यावर आहे. पुढे पाऊस दडी मारेल या धास्तीने धरण भरून घेण्याकडे कल राहतो. ती धास्ती खरी आहे, म्हणूनच हा निर्णय अवघड आहे.

१२ जुलै १९६१ रोजी बांधकाम चालू असलेले पानशेत धरण फुटले, त्या लोंढ्याने खडकवासलाही फुटले आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. गोखलेनगर, सहकारनगर या वसाहती पूरग्रस्तांच्या पुनर्वसनातून उभ्या राहिल्या. तो धरणफुटीचा पूर होता. नेहमीच्या पुराच्या हिशेबात तो बसत नाही.

नेहमीच्या पुरासाठी पूररेषा आखतात. सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मर्यादा निळ्या रेषेने, तर १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषेने दाखवतात. नदी ते निळी रेषा हे निषिद्ध क्षेत्र आणि दोन्ही रेषांमधला पट्टा नियंत्रित क्षेत्र मानला जातो. पुण्यातल्या मुठेसाठी निळी रेषा ६०,००० आणि लाल रेषा १ लाख क्युसेक विसर्ग धरून आखलेली आहे. रेषा नकाशावर स्थिर दिसते, पण ती दोन गोष्टींवर उभी असते : विसर्गाचा अंदाज आणि पात्राचा छेद. पात्रात राडारोडा पडला, भराव टाकून रस्ता झाला, पुलाचे खांब आले की तेवढ्याच क्युसेकला पाणी अधिक उंच चढते. आखणी एकदा करून फाइलीत ठेवण्याची गोष्ट नव्हे. पात्राची मोजणी वारंवार झालीच पाहिजे.

२५ जुलै २०२४ च्या पहाटे सिंहगड रस्त्यालगतच्या एकतानगरीत पाणी शिरले, तेव्हा खडकवासल्याचा विसर्ग ३५,००० क्युसेकच्या घरात होता, म्हणजे निळ्या रेषेच्या गृहीताहून बराच कमी. तरी पार्किंगमधल्या गाड्या बुडाल्या आणि माणसांना बोटीतून बाहेर काढावे लागले. धरणाच्या खालच्या डोंगरउतारांवर आणि शहरात पडणारे पाणी दरवाज्यांच्या आकड्यात धरलेले नसते. ते ओढ्यांनी येते. कात्रजहून येणाऱ्या आंबिल ओढ्याने २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री ते दाखवून दिले : मुठेला मोठा पूर नसताना ओढ्याकाठच्या भिंती कोसळल्या, गाड्या वाहून गेल्या आणि शहर-परिसरात २० हून अधिक माणसे दगावली. हा ओढा पेशवाईतच वळवलेला आहे. आज त्याच्यावर स्लॅब, कडेला सीमाभिंती आणि मधे तोकड्या मोऱ्या आहेत. नदीइतकीच काटेकोर पूररेषा ओढ्यांनाही हवी.

खालच्या बाजूला संगमावर मुठा मुळा नदीला मिळते. मुळशी आणि पवना धरणांतून त्याच वेळी विसर्ग चालू असला तर मुळेची पातळी चढते आणि मुठेच्या पाण्याला फुगवटा येतो. त्यामुळे दोन्ही खोऱ्यांतल्या विसर्गाच्या वेळा एकमेकींशी जुळवून ठरवाव्या लागतात.

पुणेकरांचे मोजमाप मात्र साधे आहे : भिडे पूल पाण्याखाली गेला का? डेक्कनजवळचा हा बुटका पूल विसर्ग वाढला की आधी बुडतो. नदीपात्रातल्या रस्त्यावरची वाहने काढून घेण्याची सूचना ध्वनिक्षेपकावरून दिली जाते आणि बघ्यांची गर्दी लकडी पुलाच्या कठड्याला लागते. विसर्गाची सूचना रात्री येते तेव्हा तळमजल्यावरच्या कुटुंबाला फक्त क्युसेक सांगून भागत नाही. पाणी आपल्या जिन्याच्या कितव्या पायरीला येणार, हे त्यांना कळायला हवे. विसर्गाचा प्रत्येक टप्पा आणि त्या टप्प्याला पाणी शिरणाऱ्या इमारती यांचे नकाशे वस्तीवस्तीत लावले तर ते जमेल.

महापालिकेच्या नदीकाठ सुधार प्रकल्पात मुळा, मुठा व मुळा-मुठा मिळून ४४ किलोमीटर लांबीचे काठ बांधून काढायचे आहेत. पूरवहनक्षमता कमी होणार नाही, अशी प्रकल्पाची भूमिका आहे. भराव व बांधांमुळे पात्र आवळले जाईल, हा पर्यावरण कार्यकर्त्यांचा आक्षेप आहे.