घर कुणाचं होतं?

लग्नाचा बस्ता बांधायचा तर गांधीनगर, हे कोल्हापूरकराला सांगावं लागत नाही. मीही लहानपणापासून तिथं कपडे घ्यायला जातोय. पण गांधीनगर वसलं कसं, हे मला कळलं ते थेट पोलंडमध्ये, एका सायकल प्रवासात.

ऑफिसातून दोन आठवड्यांची सुट्टी काढली होती. जर्मनीच्या सीमेला लागून असलेलं श्विनोऊय्श्चे ते ग्दान्स्क, बाल्टिक समुद्र सतत डाव्या हाताला. वारा बहुतेक वेळा पश्चिमेचा असतो, म्हणून जाणारे पूर्वेकडे तोंड करून निघतात. तरी पाइनच्या जंगलातल्या वाळूत सामानासकट सायकल ढकलावी लागतेच.

पहिल्याच टप्प्यात त्शेंसाच नावाचं गाव लागतं. तिथं कड्याच्या टोकावर एका चर्चची फक्त एक भिंत उभी आहे. चर्च बांधलं तेव्हा समुद्र जवळपास दोन किलोमीटर लांब होता. लाटा जमीन खात खात आल्या. १८७४ मध्ये शेवटची प्रार्थना झाली आणि १९०१ पासून इमारत कोसळायला लागली. समुद्राला हे करायला काही शतकं लागली. माणसांनी हाच किनारा दोन-तीन वर्षांत रिकामा केला.

पुढचा मुक्काम कोवोब्झेग. १९४५ पर्यंत हे कोलबेर्ग नावाचं जर्मन शहर होतं. त्या वर्षी ४ ते १८ मार्च इथं लढाई झाली आणि शहराचा बहुतेक भाग जमीनदोस्त झाला. जिंकल्यावर पोलिश सैनिकांनी समुद्रात अंगठी टाकून त्याच्याशी ‘लग्न’ लावलं. त्याचं स्मारक आजही किनाऱ्यावर आहे. मग पॉट्सडॅमच्या परिषदेत ठरलं की हा प्रदेश पोलंडच्या ताब्यात जाणार आणि इथल्या जर्मनांना जावं लागणार. पोलंडचा पूर्वेकडचा मोठा प्रदेश सोव्हिएत संघाने घेतला होता. तिथून निघालेली अनेक पोलिश कुटुंबं इथल्या रिकाम्या घरांत आली.

मी उतरलो त्या घराची मालकीण सत्तरीची. फोनवरचं भाषांतराचं ॲप आमच्या दोघांत ठेवून गप्पा झाल्या. आजींचे आईवडील १९४६ मध्ये ल्वूफजवळच्या खेड्यातून आलेले. आई सांगायची, घरात शिरले तेव्हा फडताळात दुसऱ्याच कुणाची तरी ताटं होती. वडिलांनी कित्येक वर्षं छप्पर नीट केलं नाही. जर्मन परत आले तर खर्च पाण्यात, असं म्हणायचे. ही भीती उगाच नव्हती. पश्चिम जर्मनीने ही सीमा मान्य करणारा करार केला तो १९७० मध्ये. एकत्र झालेल्या जर्मनीने त्यावर शिक्कामोर्तब केलं १४ नोव्हेंबर १९९० ला.

मी आजींना वळिवड्याबद्दल सांगितलं. १९४०-४१ मध्ये त्याच पूर्वेकडच्या प्रदेशातून सोव्हिएत सत्तेने लाखो लोकांना सायबेरिया, कझाकस्तानला हलवलं. त्यातले काही इराणमार्गे भारतात पोचले. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत सुमारे पाच हजार पोलिश माणसं राहिली. बहुतेक बायका आणि मुलं. युद्ध संपलं, पण त्यांचं गाव आता दुसऱ्या देशात होतं.

आजी सगळं वाचून थोडा वेळ गप्प बसल्या. मग विचारलं, “ती घरं कुणाची होती?”

“कुणाचीच नाही. त्यांच्यासाठीच बांधली होती.”

“हे बरं झालं,” त्या म्हणाल्या. मग पुढचा प्रश्न, “आणि ते गेल्यावर?”

मला माहीत नव्हतं. रात्री शोधलं. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना छावणीच्या त्याच बराकींमध्ये जागा दिली गेली. तेच आपलं गांधीनगर.

सकाळी आजींना हे सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि डब्यात चार सँडविच भरून दिले.

ग्दान्स्कमध्ये पोचलो तेव्हा पर्यटकांची गर्दी टाळून आधी एका छोट्या बागेत गेलो. ‘अस्तित्वात नसलेल्या दफनभूमींची दफनभूमी’ असं तिचं नाव. शहरातल्या जुन्या, पुसून टाकलेल्या कबरस्तानांच्या आठवणीसाठी ती २००२ मध्ये उघडली. ज्यांची घरं आपण वापरली त्यांची आठवण त्यांच्यानंतर आलेल्यांनी ठेवायची, हे ठरायला ५७ वर्षं लागली. पण ठरलं. त्याच वेळी कोल्हापुरातल्या पोलिश कबरी आणि महावीर उद्यानातला त्यांचा स्तंभ मला आठवला. त्या स्तंभाजवळ मी असंख्य वेळा भेळ खाल्लीये, त्यावर काय लिहिलंय ते एकदाही न वाचता.

परत आल्यावर बहिणीच्या लग्नासाठी गांधीनगरला गेलो. साड्यांच्या ढिगाऱ्यात बसून दुकानदारकाकांना विचारलं, “काका, मूळ गाव कुठलं?”

“इथलंच की,” ते म्हणाले. साडीची घडी घालता घालता थांबले. “आजोबा शिकारपूरचे. घराची किल्ली होती त्यांच्याकडे, शेवटपर्यंत.”