मनाची हजेरी



कारखान्याच्या हजेरीपटावर माणसाचे शरीर हजर झाले की भागते; मन कोठे आहे, हे कोणी विचारीत नाही. ते गावाकडच्या कर्जात असते, मुलीच्या लग्नात असते, नाही तर मुकादमाला काल द्यावयाच्या राहून गेलेल्या उत्तरात असते. मनाच्या या अखंड बडबडीकडे तटस्थपणे पाहावे आणि चालू क्षणात वावरावे, ही बुद्धाची जुनी शिकवण. परंतु ती विहारातून संसारी माणसाच्या हाती कशी आली, हा इतिहास फारसा सांगितला जात नाही. तोच आज आपल्यापुढे मांडावयाचा आहे.

१८८५ साली इंग्रजांनी उत्तर ब्रह्मदेश जिंकला आणि थिबा राजाला पदच्युत केले. १८८६ मध्ये त्याला रत्नागिरीस आणून ठेवले; तेथेच १९१६ साली तो वारला. रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांना पुढे १९०८ साली त्याच थिबाच्या मंडालेस धाडण्यात आले, हाही इतिहासाचाच खेळ! राजा गेला तसा धर्माचा आश्रयदाताही गेला. आता धर्म टिकायचा तर तो सामान्यांच्या घरात टिकला पाहिजे, हे ज्यांनी ओळखले त्यांत लेडी सयाडो (१८४६–१९२३) हे भिक्षू अग्रगण्य होत. त्यांनी सोप्या ब्रह्मी भाषेत ग्रंथ लिहिले आणि गृहस्थांनाही ध्यानाचा मार्ग मोकळा केला.

त्यांच्या परंपरेतील सया थेटजी (१८७३–१९४५) हे शेतकरी. काही काळ त्यांनी भाताच्या गिरणीत मोजदादीचे काम केले होते. पटकीने पोटची मुले गेल्यावर ते ध्यानाकडे वळले आणि पुढे गृहस्थ राहूनच इतरांना शिकवू लागले. त्यांच्याकडे १९३७ साली ऊ बा खिन नावाचे हिशेबखात्यातले एक नोकरदार आले. १९४८ साली ब्रह्मदेश स्वतंत्र झाला, तेव्हा हेच गृहस्थ महालेखापाल झाले. त्यांनी आपल्या कचेरीतच ध्यानाची सोय केली आणि १९५२ साली रंगून येथे केंद्र काढले. त्यांचे शिष्य सत्यनारायण गोएंका हे मंडालेत जन्मलेले मारवाडी व्यापारी. अर्धशिशीने हैराण होऊन ते १९५५ साली प्रथम त्यांच्याकडे गेले. १९६९ साली गोएंका भारतात आले व त्यांनी पहिले शिबिर मुंबईत घेतले. १९७६ पासून थळघाटाच्या माथ्यावरील इगतपुरी या रेल्वेच्या गावी शिबिरे भरू लागली. १९९४ साली तिहार तुरुंगात हजारावर कैदी एकाच शिबिरास बसले.

शिबिर दहा दिवसांचे. मौन पाळायचे, पहाटे चारला उठायचे. पहिले तीन दिवस केवळ श्वास पाहायचा. मन पळाले तर त्याला रागवायचे नाही. पळाले एवढे जाणायचे आणि परत श्वासावर यायचे. पुढे अंगावरच्या संवेदना अशाच पाहायच्या. कृती एवढीच, करून पाहिली म्हणजे तिची कठीणता कळते.

आता माझ्या धंद्यातला प्रश्न. पत्र्याच्या प्रेसवर बोटे तुटली की चौकशीच्या कागदावर हमखास शेरा पडतो: 'कामगाराचे लक्ष नव्हते.' यंत्राला जाळी बसवली होती काय, माणूस सलग दुसऱ्या पाळीला उभा होता काय, हे त्या कागदावर येत नाही. उद्या 'वर्तमानात राहा' हाच उपदेश जाळीऐवजी आमच्या हाती दिला जाईल, ही भीती खोटी नव्हे. ध्यानाने बोटे वाचत नाहीत, जाळीने वाचतात.

पण वर सांगितलेला इतिहास काय सांगतो? ऊ बा खिन यांनी मन शांत केले म्हणून वह्या मिटल्या नाहीत. सचोटीबद्दल त्यांची एवढी ख्याती होती की सरकारने एकाच वेळी अनेक खाती त्यांच्यावर सोपवली. पाहणे म्हणजे सोसणे नव्हे. आपल्या मनातला राग ज्याला स्पष्ट दिसतो, त्याला यंत्रावर नसलेली जाळीही दिसते. वाटाघाटीच्या टेबलाशी समोरचा मुद्दाम डिवचतो, तेव्हा उसळलेला राग ज्याने आधी पाहिला, त्याच्या तोंडून मागणी नेमकी बाहेर पडते. रागाच्या भरात निघालेली शिवी मात्र मालकाच्याच उपयोगी पडते.

म्हणून माझे म्हणणे एवढेच: जाळीची मागणी सोडू नये आणि मनाची हजेरीही चुकवू नये. पहिली मालकाकडून घ्यावयाची आहे. दुसरी आपली आपणच लावावयाची आहे.