वैयक्तिक अनुदिनी

वैयक्तिक अनुदिनी किंवा ब्लॉग म्हणजे एखाद्या व्यक्तीने स्वतःच्या अथवा टोपणनावाने चालवलेले, तारीखवार नोंदींचे संकेतस्थळ होय. त्यात सर्वांत नवी नोंद सहसा सर्वांत वर दिसते आणि प्रत्येक नोंदीला स्वतंत्र दुवा असतो. मराठीत यासाठी 'अनुदिनी' आणि 'रोजनिशी'च्या धर्तीवर 'जालनिशी' हे शब्द वापरले गेले. व्यवहारात 'ब्लॉग' हा शब्द अधिक रूढ आहे. पुस्तके व वृत्तपत्रांत ज्यांना क्वचितच जागा मिळते, अशा स्थानिक विषयांच्या नोंदीसाठी अनुदिनी उपयुक्त ठरते. तिची वाढ केवळ वाचकसंख्येवर नव्हे, तर मजकूर शोधता येणे, त्यात वेळोवेळी दुरुस्ती होणे आणि तो टिकून राहणे यांवरही अवलंबून असते.

इतिहास

'वेबलॉग' हा शब्द योर्न बार्गर यांनी डिसेंबर १९९७ मध्ये वापरला. १९९९ मध्ये पीटर मेरहोल्झ यांनी त्याचे 'ब्लॉग' असे लघुरूप केले. त्याच वर्षी 'ब्लॉगर' ही सेवा सुरू झाली व २००३ मध्ये ती गूगलने विकत घेतली. 'वर्डप्रेस' ही मुक्त आज्ञावली मे २००३ मध्ये प्रसिद्ध झाली. या साधनांमुळे संगणकीय भाषा न शिकताही लेखन प्रकाशित करणे शक्य झाले.

मराठीपुढे लिपीची वेगळी अडचण होती. आरंभीच्या काळात प्रत्येक फॉन्टची संकेतप्रणाली निराळी असे. वाचकाच्या संगणकावर तो फॉन्ट नसल्यास मजकुराऐवजी निरर्थक रोमन अक्षरे दिसत आणि शोधयंत्रांनाही तो मजकूर कळत नसे. देवनागरीचा समावेश १९९१ मध्येच युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत झाला होता. परंतु संगणकप्रणाली, फॉन्ट आणि कळफलक यांत त्याचा वापर रुळल्यानंतरच मराठी अनुदिनींना गती आली. 'मायबोली' (१९९६), 'मनोगत' (२००४) आणि 'मिसळपाव' (२००७) या सामूहिक संकेतस्थळांवर लिहिणाऱ्या अनेकांनी स्वतंत्र अनुदिनीही चालवल्या. पुढे फेसबुक आणि व्हॉट्सॲप यांच्या प्रसारामुळे लहान लेखन व चर्चा मोठ्या प्रमाणावर तिकडे वळली. तेथील मजकूर लवकर पसरतो, परंतु काही महिन्यांनी तो शोधून काढणे कठीण जाते. तारखेनुसार व विषयानुसार लावलेला संग्रह हे अनुदिनीचे वैशिष्ट्य मात्र कायम आहे.

वाढीचे घटक

विषयाची मर्यादा : अनेक विषयांना स्पर्श करणाऱ्या अनुदिनीपेक्षा एखादा परिसर, पीक, छंद किंवा व्यवसाय यांवर सलग लिहिणाऱ्या अनुदिनीची ओळख लवकर निर्माण होते.

सातत्य : रोज लिहिण्यापेक्षा ठरलेल्या अंतराने लिहिणे दीर्घकाळ पाळता येते. नव्या नोंदीची सूचना देणारी आरएसएस ही सोय नियमित वाचकांना उपयोगी पडते. तिच्यासाठी लोकप्रिय असलेली 'गूगल रीडर' ही सेवा १ जुलै २०१३ रोजी बंद झाली. तथापि आरएसएस आजही वापरात आहे.

शोधसुलभता : मराठी नामे विभक्ती प्रत्ययापूर्वी रूप बदलतात. 'राजुरा' या नावाचे 'राजुऱ्यात', 'राजुऱ्याहून' असे होते. शिवाय 'ऱ्य' हे जोडाक्षर युनिकोडमध्ये दोन प्रकारे टंकित होते. दोन्ही रूपे डोळ्यांना सारखी दिसली तरी संगणकासाठी ती भिन्न असतात. म्हणून शीर्षकात आणि पहिल्या परिच्छेदात स्थलनामाचे मूळ रूप देणे, तसेच जुनी व पर्यायी नावे नोंदवणे (उदाहरणार्थ चंद्रपूरसाठी 'चांदा') हितावह ठरते. चित्राच्या स्वरूपात टाकलेला मजकूर शोधात सहसा नीट सापडत नाही.

दुवे व प्रतिसाद : संबंधित लेखनाला दिलेले दुवे वाचकाला पुढची वाट दाखवतात. प्रतिसादांतून अनेकदा चुकांची दुरुस्ती आणि नवी माहिती मिळते. भेटींच्या आकड्यात यंत्रांच्या भेटीही मिसळलेल्या असू शकतात. त्यामुळे पुन्हा येणारे वाचक व माहितीपूर्ण प्रतिसाद हे प्रगतीचे अधिक विश्वसनीय निदर्शक मानले जातात.

दुरुस्ती : जुन्या नोंदीत बदल केल्यास त्याची तारीख देणे, तुटलेले दुवे सुधारणे आणि ऐकीव माहिती प्रत्यक्ष पाहिलेल्या माहितीपासून वेगळी दाखवणे यांमुळे विश्वासार्हता वाढते.

स्थानिक नोंदींचे महत्त्व : राजुरा

स्थानिक अनुदिनीला किती वाव असू शकतो, हे चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा तालुक्याच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. वर्धा नदीपलीकडील हा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात आदिलाबाद जिल्ह्यात होता. संस्थान १९४८ मध्ये भारतात विलीन झाले. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत राजुरा तालुका मुंबई राज्यातील नांदेड जिल्ह्यात आला आणि १९५९ मध्ये चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर जिल्ह्याला जोडला गेला. हैदराबाद संस्थानाची राजभाषा उर्दू होती, तर या परिसरात मराठी, तेलुगू, गोंडी आणि कोलामी बोलल्या जातात. त्यामुळे येथील इतिहासाची साधने वेगवेगळ्या राज्यांत आणि भाषांत विखुरलेली आहेत.

जुनी शेतनावे, कोळसा खाणींमुळे बदललेली गावे, जंगलातील वनस्पतींची स्थानिक नावे आणि वृद्धांच्या आठवणी अशा विषयांवर छापील साहित्य अल्प असते. सांगणारी माणसे गेल्यावर ती माहितीही जाते. अशा नोंदीत सांगणाऱ्याची संमती, गाव, तारीख आणि मूळ बोलीतील शब्द दिल्यास ती पुढील अभ्यासकांना वापरता येते. गोंडी शब्द देवनागरीत लिहिता येतात. शिवाय मसराम गोंडी व गुंजाळा गोंडी या लिप्या अनुक्रमे २०१७ आणि २०१८ मध्ये युनिकोडमध्ये समाविष्ट झाल्या. यांपैकी दुसरी लिपी तेलंगणातील आदिलाबाद जिल्ह्यातील गुंजाळा गावाच्या नावाने ओळखली जाते.

कायदेशीर बाजू

भारतीय प्रताधिकार अधिनियम, १९५७ नुसार मूळ लेखनावरील हक्कासाठी नोंदणी बंधनकारक नाही. लेखकाच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षे हे संरक्षण राहते. आंतरजालावर सापडलेले छायाचित्र केवळ सहज उपलब्ध आहे म्हणून मुक्त ठरत नाही. माहिती तंत्रज्ञान अधिनियमातील कलम ६६-अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी घटनाबाह्य ठरवले. मात्र बदनामीविषयीचे कायदे अनुदिनीलाही लागू होतात.

जतन

अनुदिनीचे आयुष्य बहुधा तिला जागा देणाऱ्या सेवेवर अवलंबून असते. 'जिओसिटीज' ही मोफत संकेतस्थळांची सेवा २००९ मध्ये अमेरिकेसह बहुतेक देशांत, तर 'पोस्टरस' ही सेवा २०१३ मध्ये बंद झाली. स्वतःचे अधिक्षेत्र नाव घेतल्यास सेवा बदलूनही पत्ता तोच ठेवता येतो, परंतु मुदत संपण्यापूर्वी त्याचे नूतनीकरण करावे लागते. गूगलने २०२३ मध्ये दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती काढून टाकण्याचे धोरण जाहीर केले.

ब्लॉगर आणि वर्डप्रेस या दोन्हींत संपूर्ण मजकूर एका फाइलमध्ये उतरवून घेण्याची सोय आहे. छायाचित्रांच्या मूळ प्रती मात्र वेगळ्या जपाव्या लागतात. इंटरनेट अर्काइव्हच्या 'वेबॅक मशीन'मध्ये पानांच्या प्रती साठवता येतात. लेखकाच्या पश्चात अनुदिनी चालू राहावी यासाठी खात्याची व्यवस्था विश्वासू व्यक्तीकडे सोपवणे आणि निवडक नोंदींची छापील प्रत गावातील वाचनालयात ठेवणे हेही जतनाचे सोपे मार्ग आहेत.